रात्रीचा वॉचमन दिवसा झोपणारच

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलापाशी नाही, देवीपाशीही नाही – आणि देवीला काय सांगायचं, तिला दिसतंच सगळं. तुम्हाला सांगतेय, कारण तुमची माझी ओळख नाही. आणि आधीच बजावून ठेवते – मन खातंय, झोप उडालीय, वय झाल्यावर देवाची भीती वाटायला लागलीय, असलं काही मनात आणू नका. मला झोप मस्त लागते. उशीवर डोकं टेकलं की सकाळ.

झोपेचीच गोष्ट आहे ही, म्हणून सांगितलं.

मी कॉन्ट्रॅक्टर आहे. आमच्या भिवंडीत एखादी बाई साईटवर उभी राहिली की लोक तिच्या मागे बघतात – नवरा कुठंय? माझा नवरा घरात खाटेवर होता. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. लायसन त्यांच्या नावावर होतं, ते धावपळ करून मी माझ्या नावावर करून घेतलं, तेव्हा धंद्यातले बाकीचे काय काय बोलले ते मी विसरलेली नाही. "वयनी, पापड लाटा, त्यान पन पैसा हाय." हे तोंडावर. पाठीमागे काय म्हणत असतील ते तुम्हीच समजा. मी पदर खोचला आणि टेंडर भरलं. मिळालं. आमच्याच गावच्या रस्त्यावर, नाल्यावरची मोरी – खालून पाणी जायला तीन गाळे आणि वर स्लॅब. फार मोठं काम नव्हे. पण माझ्या नावावरचं पहिलं. ते बुडालं असतं तर दुसरं कुणी दिलं असतं का मला? तुम्ही दिलं असतं?

नाल्यात काम करायचं तर आधी नाला अडवावा लागतो. वरच्या अंगाला मातीचा आणि गोणींचा बांध घालायचा, पाणी बाजूच्या चरातून वळवायचं आणि कोरड्यात काम करायचं. आणि पाऊस लागायच्या आत तो बांध काढून टाकायचा. नाहीतर पाणी पुढे जात नाही, मागे फिरतं. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

मी तो काढला नाही.

थांबा, थांबा – कबुली ही नाही. एवढं तर नाक्यावरचा कुठलाही कॉन्ट्रॅक्टर चहा पिता पिता सांगेल. स्टील उशिरा आलं, एका गाळ्याचा स्लॅब राहिला. वाटलं, जरा उघडीप मिळाली की ओतून मोकळी होईन, मग बांध काढीन. काम मुदतीच्या मागे पडलेलंच होतं. अजून मागे पडलं असतं तर दंड, आणि दंडाच्या मागोमाग काळी यादी. एकदा नाव तिथे गेलं की पापडच लाटायचे. मी जुगार खेळले. धंद्यात कोण खेळत नाही?

आणि मग लावणी आली.

तुम्ही म्हणाल, मोरीचा आणि भाताच्या लावणीचा काय संबंध? आमच्याकडे आहे. माझ्या साईटवर जी टोळी होती ती पडघ्याच्या आतल्या गावांतली. तीच माणसं उन्हाळ्यात स्लॅबखालचं फळ्या-टेकूंचं सेंटरिंग ठोकतात, घमेली वाहतात, आणि पावसाळ्यात लावणी करतात. जुलैत त्यांना कुठलाही साईटवाला अडवू शकत नाही. सरकारच्या करारात लावणी हा शब्द नसतो, पण आमच्याकडे प्रत्येक काम लावणीला थांबतं, हे उघड आहे. मी त्यांना थोपवून धरलं – पण साईटसाठी नव्हे. सासऱ्यांच्या शेतासाठी. आजूबाजूला गोडाऊनं उठलेली, मधे आमचं ते एवढंसं शेत, आणि सासरे रोज ओटीवर बसून एकच धोशा लावायचे – "सूनबाय, रोप पिवला परला. लोकांची लावनी झाली, आपला शेत उघरा हाय." गावात शेत उघडं दिसणं म्हणजे घरातला कर्ता पडला, हे दवंडी पिटून सांगणं. ते मला नको होतं. मी अख्खी टोळी साईटवरून उचलली आणि शेतात घातली. बांध काढायला चार माणसं मागे ठेवायला हवी होती. नाही ठेवली. म्हटलं, शेत तर उरकू.

साईटवर उरला एकटा हिराजी.

हिराजी म्हणजे आमच्या ह्यांचा लांबचा चुलतभाऊ. मी त्याला तोंडावर भावोजी म्हणायचे, अहोजाहो करायचे. पण पगार मी देत होते, त्यामुळे मनात तो हिराजीच. इथेही हिराजीच म्हणते, खोटा मान कशाला? रात्रीचा वॉचमन होता तो. बारका, काळासावळा, चहाचा शौकीन. त्याची एक खोड होती – रात्रभर अधूनमधून सळ्यांच्या ढिगावर काठी आपटायचा. ठण्ण. आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. चोरांना कळावं म्हणून नव्हे, तर खाटेवर पडलेल्या भावाला कळावं की मी जागा आहे, माल सुखरूप आहे. ह्यांना रात्री झोप नसायची. तो आवाज आला की हे डोळ्यांनी मला खूण करायचे – ऐकलंस?

म्हणजे बघा, अख्ख्या गावाला ठाऊक होतं की हिराजी जागतो. त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. शेत नाही, गाडी नाही. जागणं एवढंच होतं.

मग तो जुलै. दोन हजार पाचचा. आमच्या भागात त्याच्यापुढे काही सांगावं लागत नाही, नुसतं 'तो पाऊस' म्हटलं की पुरतं. आमच्या शेताचा शेवटचा तुकडा होता त्या दिवशी. लावणी संपत आली की बायका मालकिणीला चिखल फासतात, आणि मालकीण नाही-नाही म्हणत पळाल्यासारखं करते. मलाही फासला. मी हसत होते, सगळ्या हसत होत्या. डोक्यावर प्लास्टिकचे कागद, आणि पाऊस इतका की समोरची बाई बोलतेय ते ओठांवरून ओळखायचं. एवढा पाऊस कुणी बघितलाच नव्हता, त्यामुळे कुणी घाबरलंही नव्हतं.

पळता पळता मी शेताच्या टोकाला एकटी आले होते, तेवढ्यात बांधाबांधाने धावत हिराजी आला, त्या पावसात बाकीच्यांना दिसलाही नाही. अनवाणी. रात्रभर जागलेला, डोळे लाल. म्हणाला, "वयनी, नाल्याचा पानी मागं फिरलाय. वरच्या पाऱ्यान घुसतंय. बांद फोरू का?"

वरचा पाडा म्हणजे नाल्याच्या कडेची सात-आठ घरं, माझ्या बांधाच्या मागच्या बाजूला. हातीपायी धड सगळी माणसं लावणीला गेलेली. घरांत म्हातारी-कोतारी आणि पोरं. हेसुद्धा त्याने सांगितलं मला. न सांगताही मला माहीत होतं.

मी काय उत्तर दिलं ते आत्ता सांगत नाही. सांगेन. इथवर आलेय तर पळून जाणार नाहीये. पण आधी पुढचं ऐका.

हिराजी परत गेला आणि त्याने बांध फोडला. एकट्याने, फावड्याने. एका कडेला तोंड पाडलं आणि मग पाण्यानेच पुढचं काम केलं – बांध गेला, माझं सेंटरिंग गेलं, प्लेटा, टेकू, मिक्सर, सगळं खाली वाहत गेलं. हिराजीही गेला. खालच्या अंगाला करंजाचं झाड होतं, त्याला अडकला म्हणून वाचला. पाड्यातलं पाणी बघता बघता उतरलं. म्हाताऱ्यांना वाटलं बांध आपोआप फुटला. दोन दिवसांनी पाऊस थांबल्यावर त्यांनी गावदेवीला नारळ फोडला.

बघणारं कुणी नव्हतं. त्या पावसात स्वतःचा हात दिसत नव्हता. ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत – एक तो, एक मी. त्याच्या बायकोला त्याने सांगितलं असेल, पण तिनेही ते कधी कुणाला कळू दिलं नाही.

रस्ते उघडल्यावर तो घरी आला. दोन्ही तळवे सोललेले, हळद दाबून फडकं गुंडाळलेलं. ओटीवर चढलासुद्धा नाही. म्हणाला, "फोरला वयनी. सेंटरिंग गेला तुमचा. माफ करा." ऐकताय ना? माफी तो मागत होता. आणि मला काय वाटलं? तुम्हाला वाटेल, भरून आलं असेल. छे! राग आला. असा राग आला की वाटलं दोन कानाखाली ओढाव्यात. माझं पहिलं काम, माझी अब्रू, माझं घर – ह्याने एका फावड्याने नाल्यात सोडलं. आणि वर तोंड करून सांगायला आलाय. मी त्याला चहा विचारला नाही.

मग डोकं चालायला लागलं. तेव्हा सगळीकडे एकच बोलणं होतं – पुराने ज्याचं काम बुडालं त्याला मुदतवाढ मिळणार. दंड नाही, काळी यादी नाही. नैसर्गिक आपत्ती. मात्र चूक कॉन्ट्रॅक्टरची नसली पाहिजे. आता माझं बघा. काम पावसाआधीच रखडलेलं. जो बांध तिथे असायलाच नको होता, तो माझ्यामुळे उभा. आणि तो फोडला कुणी? माझ्याच माणसाने. हे सगळं असं बांधकाम खात्याच्या साहेबाच्या कानावर गेलं असतं तर मुदतवाढ राहिली बाजूला, उलट पाड्यात पाणी का शिरलं याची चौकशी माझ्यामागे लागली असती. साहेब विचारणारच होता – वॉचमन कुठे होता? जागा होता तर बांध वेळेवर का उघडला नाही? कळवलं का नाही? कळवलं असेल तर कुणाला?

या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. पण ते देण्यासारखं नव्हतं.

मी हिराजीच्या घरी गेले. त्याची बायको गंगूबाय भिजलेलं भात वाळत घालत होती. मी म्हटलं, "भावोजी, साहेब येतील पंचनाम्याला. तुम्ही त्या वेळी झोपला होता. रात्रीची ड्युटी केली, दिवसा झोपलात, जाग आली तेव्हा पाणी भरलेलं आणि बांध फुटून गेलेला. एवढंच सांगायचं."

तो म्हणाला, "झोपलो होतो? त्या पान्यान?"

"झोपला होता."

"तुमचा काम वाचतंय नं त्यानी?"

"वाचतंय."

"मंग झोपलो," म्हणाला, आणि हसला. गंगूबायही हसली. एवढ्यावर मिटलं. मला त्याला काही द्यावं लागलं नाही, त्याने मागितलंही नाही. घरचं काम होतं त्याच्या दृष्टीने.

साहेब आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. गाव जमलं होतं. त्यांनी पाण्याची खूण बघितली, वाकलेल्या सळ्या बघितल्या आणि बरोब्बर तोच प्रश्न विचारला – वॉचमन कुठे होता? मी हिराजीकडे बोट दाखवलं. हिराजी पुढे झाला, हात पाठीमागे धरून – फडकी दिसू नयेत म्हणून, हे त्याचं त्यालाच सुचलं. "झोपलो होतो साहेब."

"अरे, एवढ्या पावसात?"

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच हसले. पुरानंतर गावात पहिल्यांदा कुणी हसत होतं, त्यामुळे जरा जास्तच हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे, रात्रीचा वॉचमन दिवसा झोपणारच." आणि लिहून घेतलं. मला मुदतवाढ मिळाली.

आता एक ऐकून घ्या. ती मुदतवाढ मी घेतली याचं मला काडीचं दुःख नाही. पाऊस मी पाडला नव्हता. अर्ध्या भिवंडीच्या लूम पाण्याखाली होत्या. गोडाऊनवाल्यांनी भराव टाकून टाकून पाण्याला वाट ठेवली नव्हती, त्यांना कुणी जाब विचारला? माझ्या ओळखीच्या एकाची पावसात एक वीटही भिजली नव्हती, त्यानेही मुदतवाढ घेतली – आणि पेढे वाटले. मी माझी मोरी पुरी केली. आज तिच्यावरून दिवसरात्र ट्रेलर जातात, एक तडा दाखवा. त्या कामावर पुढची कामं मिळाली. घर उभं राहिलं, मुलगा शिकला, ह्यांचं औषधपाणी शेवटपर्यंत झालं. कुणी मला शिकवू नये.

पण हिराजीचं नाव गेलं. ते माझ्यामुळे गेलं.

पोरं त्याला 'झोप्या' म्हणायला लागली. चहाच्या टपरीवर तो बसला की कुणीतरी ओरडायचं – "हिरूकाका, उठा, पूर आला!" तोही हसायचा. आधी गंमत होती. मग गंमत राहिली नाही, कारण आमच्याकडे तेव्हाच गोडाऊनं भराभर उठत होती, आणि गोडाऊनमध्ये गावातल्या माणसाला मिळण्यासारखी नोकरी एकच – वॉचमनची. जमीन गेलेले, न गेलेले, सगळे लागले. हिराजी जाईल तिथे सुपरवायझर म्हणून गावचाच कुणीतरी पोरगा. तो खुर्चीतून उठायच्या आधीच हसायचा. "काका, तुम्ही? इथं कोटीचा माल हाय वो."

तुम्ही विचाराल, मग तू का नाही ठेवलंस तुझ्या साईटवर? ठेवणार होते. पण साहेब तेच होते, आणि पुरात झोपलेल्याच माणसाला मी पुन्हा वॉचमन ठेवला असता तर त्यांना काय वाटलं असतं? मी पडघ्याच्या बाजूचा एक माणूस ठेवला. हिराजी विचारायला आला, मी म्हटलं, सध्या जागा नाही. तो समोर उभा होता आणि त्याच्या मागे माझा नवा वॉचमन झोपडीवर पत्रा ठोकत होता. "बरा वयनी," म्हणाला आणि गेला. पन्नाशीच्या आसपासचा माणूस, कापडाची गठाणं वाहायला लागला. हमाली. कंबर गेली त्याची.

आणि तरी यायचा, हो! ह्यांच्या खाटेशी येऊन बसायचा, तंबाखू मळत, गावच्या गोष्टी सांगत. अकलोलीच्या गरम पाण्याने अर्धांगवायूला गुण येतो म्हणतात, म्हणून मी ह्यांना कुंडावर न्यायचे, तर ह्यांना पाठुंगळी घेऊन पायऱ्या उतरायचा तो हिराजीच – तसली कंबर घेऊन. मला वाटायचं, आज बोलेल. ह्यांना नाही तर मला एकटीला तरी बोलेल. एकदा शिवी घाल ना! एकदा म्हण, वयनी, तुमच्यासाठी मी हे सोसतोय. मी तयारी करून ठेवली होती, मीही सुनावलं असतं चार शब्द. पण तो बोललाच नाही. त्याच्या त्या न बोलण्याची मला चीड यायची. अजून येते.

रात्री ह्यांना झोप यायची नाही. सळ्यांवरचा तो आवाज बंद झाला होता. हे कान लावून पडायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी कूस बदलायचे. एका पावसाळ्यात हे गेले. खांदा द्यायला हिराजी होता.

त्यानंतरच्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. सुरेखा. पडघ्याला दिली. हळदीला मला बोलावणं – नुसतं बोलावणं नाही, मोठा मान. मी तोवर गावातली मोठी माणूस झाले होते, दारात डंपर होते. संध्याकाळी मांडवात मला पुढे खुर्ची दिली. आमच्याकडे हळदीला बायका गाणी म्हणतात, आणि त्यात घरच्यांची नावं घेऊन थट्टा असते. मामा कंजूष, आत्या भांडकुदळ, कुणालाच सोडत नाहीत, आणि ज्याचं नाव येईल त्याने हसायचं असतं. तशी हिराजीची पाळी आली. एका म्हातारीने सूर लावला –

पूर आला बाय, पूर आला,
गाव सगला जागा झाला,
नवरीचा बापूस घोरत राहिला!

मांडव कोसळला हसून. दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. बायका टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या. काय करायला हवं होतं मी? सगळ्या वाजवत असताना एकटीने हात मांडीवर ठेवून बसायचं? वाजवल्या. आणि हिराजी – पाहुण्यांना पानं वाटत होता तो – मधे आला, गालाखाली हात घेतला, डोळे मिटले आणि घोरून दाखवलं. मोठ्याने. व्याही तर पोट धरून हसले. डोळे उघडल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, कशानेच नाही. बघितलं आणि पानं वाटायला गेला.

नवरी हसली नाही. अंगभर हळद, मान खाली. पूर आला त्या वर्षी ती शाळेत शिकत होती. तेव्हापासून शाळेत, मैत्रिणींत, आता सासरच्यांसमोर – बाप म्हणजे झोप्या.

मी निघाले तशी ती पाया पडायला आली. हळदीच्या हातांनी माझे पाय धरले आणि वर बघून म्हणाली, "काकी, आमच्या बाबांच्या झोपेमुलं तुमचा किती नुकसान झाला. तरी तुम्ही आलात. त्यांना माफ करा."

तिचा बाप दोन हातांवर उभा होता. त्याने ऐकलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मांडव भरलेला होता, खातं आता मला विसरलेलं होतं, मोरी कधीच बांधून झाली होती, दंड नाही, चौकशी नाही – तेव्हा मी खरं बोलले असते तर माझं काय जात होतं? थोडा मान. बस्स, तेवढाच. एक वाक्य लागत होतं. पोरगी ते घेऊन सासरी गेली असती.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे गं. केव्हाच माफ केलं."

असं म्हटलं मी. स्पष्ट आवाजात. चार बायकांनी ऐकलं आणि माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं.

आता ते शेतातलं.

हिराजीने विचारलं, बांद फोरू का. माझ्या गालांवर चिखल होता, हातात रोपाची मूठ होती. मी म्हटलं, "बांधाला हात लावायचा नाही. सेंटरिंग गेलं तर मी मेले. पाड्यात पाणी दरवर्षी येतं." तो म्हणाला, "वयनी, पोरं हायत वो वर." बांध किती उंच होता ते मला ठाऊक होतं, मीच घालून घेतला होता. पाड्यातली जोती किती बुटकी ते मी रोज येता-जाता बघत होते. पाणी कुठवर चढणार याचा हिशेब मला त्या क्षणी, तिथे, चिखलात उभ्याउभ्या करता आला. आला म्हणजे – केला. आणि केल्यावर म्हटलं, "तुमची आहेत का ती पोरं? रात्रभर जागून डोकं फिरलंय तुमचं. जा, झोपडीत जाऊन झोपा गुपचूप." आणि खाली वाकून लावणी करायला लागले.

पंचनाम्यातली ती गोष्ट मला रचावी लागली नाही. तो माझा हुकूम होता, हिराजीने तो मोडला, एवढंच. मोडला नसता, तर साहेबासमोर मी वदवलेला शब्द न् शब्द खरा ठरला असता – वॉचमन झोपला होता, पाणी आलं. आणि पाड्यातली ती पोरं आज रोज माझ्या मोरीवरून रिक्षा चालवतात, बायकापोरं घेऊन जातात, ती आज नसती.

हिराजी आहे अजून. सुरेखा पडघ्याला सुखात आहे. सणाला माहेरी आली की माझ्याकडे येते, पाया पडते. तिला वाटतं, मी तिच्या बापाला माफ केलंय.